टाकीतलं कोमट पाणी

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं नेमाने वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, खोड काढायलाच वाचतो. कुणाच्या घरी दिवा आपोआप लागला की मी खाली लिहायचो – लूज कॉन्टॅक्ट, इलेक्ट्रिशियनला बोलवा. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की लिहायचो – लाकूड थंडीने आकसतं, त्याचा आवाज. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा मला चांगलंच झापलं होतं. आज तुमची पाळी आहे, खुशाल झापा. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि काही सुचलं तर सांगा… मला ते खरोखर हवं आहे आणि माझ्याकडे फार वेळ नाही.

मी मंदार. मूळचा पुण्याचा, अकरा वर्षांपासून जर्मनीत, डार्मश्टाटजवळ. गाड्यांच्या हीटिंगचे पार्ट तपासायचं काम करतो. उणे तीसपासून ऐंशीपर्यंत त्यांना गारठवायचं आणि भाजायचं आणि आलेख बघायचा. तापमान मोजणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. सेन्सर खोटं बोलत असेल तर मला ते नुसत्या रेषेवरून कळतं. ही बढाई नाही, पुढचं सगळं तापमानाबद्दलच आहे म्हणून सांगून ठेवतोय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही एक जुना वोनवागन घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आम्ही म्हणजे मी, बायको रेवती आणि मुलगी इरा, तेव्हा सात वर्षांची. विकणारे हेर, म्हणजे श्रीयुत, वायगांड अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहतात. गुडघे गेले म्हणून त्यांनी वोनवागन विकला, पण जीव अडकलेला. तुम्ही तो माझ्याच अंगणात, शेडखाली उभा करा, मी लक्ष ठेवीन म्हणाले. आमच्या घरापासून पस्तीस मिनिटं. सोबत त्यांनी एक जाडजूड ऑर्डनर दिला. सोळा वर्षांत त्या गाडीचा कुठला स्क्रू कधी बदलला ते सगळं त्या फाइलमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. मी ती चाळली, 'वा वा' म्हटलं आणि कपाटात टाकली.

आता थोडं टाक्यांबद्दल. वोनवागनच्या पोटाखाली दोन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, चाळीस लिटरची, आणि एक सांडपाण्याची. थंडीत त्या गोठू नयेत म्हणून प्रत्येकीच्या तळाला एकेक इलेक्ट्रिक हीटिंग पॅड चिकटवलेला. दाराजवळ दोन बटणं, बटणांवर बारीक लाल दिवे. पाणी पाच डिग्रीच्या खाली गेलं की थर्मोस्टॅट पॅड चालू करतो, दहाच्या आसपास बंद करतो. त्याचं काम पाणी गोठू न देणं, आंघोळीचं पाणी तापवणं नव्हे. आणखी एक – पंप टाकीतलं सगळं पाणी ओढत नाही. तळाचं दोन-तीन लिटर राहतंच, ते तळाचा बूच काढला तरच जातं. हे एवढं लक्षात ठेवा.

मेमध्ये आई आली. बाबा गेल्यापासून ती दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे यायची. आई पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होती. देवदेव बेताचाच, पण नवीन गाडी म्हटल्यावर पूजा हवीच. मग काय, हेर वायगांडांच्या अंगणात नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. ते कुंपणाशी उभे राहून बघत होते. त्यांनी मला गंभीरपणे विचारलं की लिंबू मार्डरसाठी आहे का – मार्डर म्हणजे गाड्यांच्या तारा कुरतडणारं एक मुंगसासारखं जनावर. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. उगाच कशाला समजावत बसायचं.

आईच्या पर्समध्ये एक तांब्याचा लहानसा गडू होता, तोंडाला डाख दिलेला. गंगेचा. आमच्या घरी असे दोन होते. एक बाबांच्या वेळी फोडला. दुसरा आईने स्वतःसाठी ठेवला होता आणि या वयात प्रवास करायचा म्हणून ती तो बरोबर बाळगायची. इराने विचारलं, हे काय? आई म्हणाली, "माझं पाणी. मी जाताना तोंडात घालायचं." इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, कुठे जाणार आहेस तू? आई हसायला लागली.

मग तिने जे केलं ते तिच्याच स्वभावातलं होतं. हेर वायगांडांकडून पक्कड मागून घेतली आणि गडूचा डाख उचकटला. रेवती म्हणाली, "अहो आई, राहू द्या ना, नळाचं पाणी घालू की." आई म्हणाली, "वॉर्डात किती जणांच्या तोंडात घातलंय मी. शेवटी घशाखाली उतरत नाही गं ते, कोपऱ्यातून ओघळून जातं. त्यापेक्षा हिच्या घराला घालू." वोनवागनच्या बाजूला टाकी भरायचं झाकण असतं, तिथे ती गडू घेऊन उभी राहिली आणि इराला म्हणाली, "ये, हाताला हात लाव." पूजेत एकजण पाणी सोडतो आणि बाकीचे त्याच्या हाताला हात लावतात, ते तुम्हाला माहीत आहेच. मी नारळाच्या करवंट्या गोळा करत होतो. रेवती फोनवर फोटो काढत होती. आईच्या हातावर हात होता तो फक्त इराचा.

उन्हाळा मजेत गेला. चार-पाच वेळा आम्ही वोनवागन घेऊन तळ्याकाठी राहिलो. ऑगस्टमध्ये आई पुण्याला परत गेली.

ऑक्टोबरच्या सुट्टीत इराला घेऊन तीन दिवस डोंगरात गेलो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. बाहेर चार डिग्री होतं. सकाळी भांडी घासताना रेवती म्हणाली की गार पाण्याच्या नळाला छान कोमट पाणी येतंय. गरम पाण्याचा बॉयलर तर बंद होता. मला लगेच कळलं – थर्मोस्टॅट चिकटलाय, टाकीचा पॅड बंदच होत नाहीये. मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशीही पाणी कोमट. मग फ्यूज काढला. तरी कोमट. कॅम्पिंगच्या जागेवरच्या खांबातून येणारी वीज तोडली, बॅटरीची तार सोडवली. आता त्या गाडीत विजेचा एक थेंब नव्हता. दहा तासांनी पंपापुरती तार परत जोडली आणि नळाखाली हात धरला तर पाणी तसंच.

अशा वेळी माझं डोकं फिरतं. मशीन आपल्याला उल्लू बनवतंय असं वाटतं. परत आल्यावर मी हेर वायगांडांच्या अंगणात गाडीखाली पाठ टेकून शिरलो. टाकीखालचं इन्सुलेशन काढलं, मल्टीमीटर लावायला पॅडच्या तारा शोधल्या. त्या सापडल्या… पण तोडलेल्या. टोकं नीट कापून, त्यावर टोप्या चढवून, क्लिपने बांधून ठेवलेली. पॅडचा रेझिस्टन्स मोजला, तर तो आतून तुटलेलाच होता.

हेर वायगांड म्हणाले, "आल्झो, हे बघा, ते ऑर्डनरमध्ये लिहिलंय." आणि खरंच लिहिलं होतं. चांगल्या पाण्याच्या टाकीचा पॅड सात वर्षांपूर्वी जळाला, तारा कापून बंद केल्या, नवीन बसवला नाही. हिवाळ्यात आम्ही कुठे जातच नाही, दर वर्षी पहिल्या गारठ्याआधी मी टाकी रिकामी करतो, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे म्हणाले की तुम्हीही करा, लवकर.

मी टाकीला सेन्सर लावला. ३६.६ दाखवला. शेजारच्या सांडपाण्याच्या टाकीला लावला. ५.१. ऑफिसातून दुसरा, तपासलेला सेन्सर आणला. ३६.६. एक बादली पाणी काढून बाजूला ठेवलं, ते तासा-दोन तासांत शहाण्यासारखं गार झालं. उलट टाकीत मी दहा लिटर थंडगार पाणी ओतलं, ते तासाभरात परत ३६.६. दहा लिटर पाणी तासात एवढं तापवायला तीनशे वॅटच्या वर लागतात. पॅड धड असता तरी साठ वॅटचा होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच आकडा ओळखायला हवा होता. नर्सच्या मुलाने तर हवाच होता. पण आमच्या घरी ताप फॅरनहाइटमध्ये मोजायचे.

नोव्हेंबरमध्ये पहिला गारठा येणार असं फोनवर दिसलं, तेव्हा मी टाकी रिकामी करायला गेलो. शनिवारची सकाळ. हेर वायगांड शेजारी बादली घेऊन उभे. मी खाली झोपून बूच सैल केला आणि पाणी माझ्या मनगटावरून वाहायला लागलं. त्या थंडीत त्याची वाफ निघत होती. हेर वायगांड वाकून बघत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं की हीटर चालू आहे का. मग स्वतःच म्हणाले, पण तो तर मी तोडला होता.

अर्धी बादली झाली असेल-नसेल, माझा फोन वाजला. पुण्याहून ताई, माझी मोठी बहीण. आई जेवणाच्या टेबलावरून उठता उठता खाली बसली, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, घाम सुटलाय, नाडी लागत नाही नीट. मी फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने बूच दाबून बसवला. का बसवला ते मला आजही सांगता येत नाही. मी तेव्हा कशावरही विश्वास ठेवत नव्हतो. पण हात गेला.

पंधरा-वीस मिनिटांनी ताईचा परत फोन. आई उठून बसली होती, चहा मागत होती. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी हेर वायगांडांना सांगितलं की उरलेलं पाणी नंतर काढू, आई आजारी आहे. ते म्हणाले, जा जा, नक्कीच, आई आधी.

त्यानंतर मी एक वायरलेस सेन्सर बसवला. हेर वायगांडांच्या शेडमध्ये वायफाय पोचतं, त्यामुळे टाकीचं तापमान मला फोनवर अॅपमध्ये दिसायचं. मी स्वतःला सांगत होतो की हा तांत्रिक प्रॉब्लेम आहे, डेटा हवा. पण ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून मी तो आकडा बघायचो, हेही खरं. बाहेर उणे आठ झालं. टाकी ३६.६. कधी ३६.५, कधी ३६.७. संध्याकाळी थोडी वर, पहाटे थोडी खाली. त्यातही एक गंमत होती – टाकीची पहाट आमच्या पहाटेच्या साडेचार तास आधी व्हायची.

डिसेंबरमध्ये एका दुपारी अॅपवर रेषा चढायला लागली. ३७.२, ३७.९, ३८.४. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन पुण्याला फोन लावला. ताई म्हणाली, तुला कसं कळलं, आईला सकाळपासून कणकण आहे. मी विचारलं, ताप किती. आई मागून म्हणाली, "एकशे एक पॉइंट एक. काळजी करू नकोस, क्रोसिन घेतलीय." मी फोन ठेवला आणि कॅल्क्युलेटरवर फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं. मग जिन्यातच बसलो. तासाभरात क्रोसिनने ताप उतरायला लागला, आणि टाकीचाही उतरला.

रेवतीला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं की बूच किती घट्ट आहे.

आईला सांगायला मला जानेवारी उजाडला. आधी धीरच होईना. वेडा झालाय म्हणेल असं वाटत होतं. मी सगळे आकडे सांगितले. मग ती म्हणाली, "मंदार, मी ओतलं तेव्हा इराचा हात होता ना रे माझ्या हातावर?" मला वाटलं तिला नातीची आठवण येतेय. म्हटलं, होता की, फोटो आहे. मग ती अगदी वॉर्डातल्या आवाजात, पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं म्हणाली, "ते पाणी काढू नकोस. मी गेल्यावरही काढू नकोस. कळलं का?" मी हो म्हटलं. म्हातारं माणूस घाबरलंय एवढंच मला कळलं. मला एवढंच कळावं याची आजही लाज वाटते.

फेब्रुवारीच्या शेवटी, ऑफिसातल्या एका साध्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला फोन थरथरला. मी अॅपला सांगून ठेवलं होतं की तीस डिग्रीच्या खाली गेलं तर कळव. मी लगेच पुण्याला फोन लावला. ताई म्हणाली, आई जेवून झोपलीय. मी म्हटलं, उठव. ताई फोन हातात घेऊनच आत गेली. मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग तो थांबला.

मी पुण्याला गेलो. ताईने आईच्या तोंडात नळाचं पाणी आणि तुळशीचं पान घातलं होतं. गडू नव्हता. आमच्या चाकांवरच्या घरासाठी आईने तो फोडला होता. ते पाणी कोपऱ्यातून ओघळून जातं हे तिनेच सांगितलं होतं, तरी मला ते फार लागलं, अजूनही लागतं.

पुण्यात मी रोज अॅप बघत होतो. टाकी पाच-सहा तासांत गार झाली, कुठलीही टाकी होईल तशी. मग बाहेरच्या हवेबरोबर वर-खाली, दोन डिग्री, तीन डिग्री. बारा दिवस. खरं सांगू, मला रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. आईचं होतं ते आईबरोबर गेलं. तेराव्याच्या धावपळीत दिवसभर मी फोन बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी विमान पकडलं.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी टाकी रिकामी करायला गेलो. आईने नको म्हटलं होतं, पण मी मनात म्हटलं, आता कुणासाठी ठेवायचं. हेर वायगांडांनी माझा हात दोन्ही हातांत धरून "माइन बायलाइड" म्हटलं, म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहे. त्यांचेही डोळे भरले होते. मग मी गाडीखाली शिरलो आणि बूच शोधताना टाकीला हात लागला.

कोमट.

तिथेच पडल्या पडल्या अॅप उघडलं. तेराव्या दिवशी दुपारी रेषा उठली होती आणि संध्याकाळपर्यंत वर जाऊन सपाट झाली होती. पण ३६.६ वर नाही. ३६.९ वर. आणि आता तिची पहाट पुण्याच्या नव्हे, आमच्या पहाटेलाच होत होती.

मी बुचाला हात लावला नाही. घरी आलो. इरा टेबलाशी चित्र काढत बसली होती. मी तिच्या कानात थर्मामीटर धरला. ती म्हणाली, "पापा, मी आजारी नाहीये," अर्थात जर्मनमध्ये. तो ३६.९ दाखवत होता. रेवतीने फोनमधला मेचा फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आईचा सुरकुतलेला हात, त्यावर इराचा. आईने जानेवारीत काय विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं.

तरी मी म्हटलं, योगायोग. माझ्यासारख्या माणसाला म्हणावंच लागतं. एप्रिलमध्ये इराच्या शाळेतून फोन आला की तिला बरं नाही, घेऊन जा. मी गाडीत बसायच्या आधी अॅप बघितलं. ३९.२. शाळेत पोचलो तर बाई कागदावर तोच आकडा लिहून उभ्या होत्या. त्यानंतर मी योगायोग हा शब्द सोडला.

उन्हाळ्यात मी टाकीला नवीन पॅड बसवला. थर्मोस्टॅट नवीन, तारा नवीन, वेगळी बॅटरी. पॅडची गरज नाही हे कळत होतं, तरी बसवला. बुचावर धातूची पट्टी आणि कुलूप लावलं. हेर वायगांडांनी विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच खरं सांगावंसं वाटलं. पण आठवड्याला अंगण झाडणाऱ्या, ऑर्डनर ठेवणाऱ्या माणसाला काय सांगणार? म्हटलं, आईने त्यात पवित्र पाणी घातलं होतं, म्हणून काढायचं नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऑर्डनर मागून घेतला आणि त्यात नोंद केली – टाकी रिकामी करू नये, कौटुंबिक कारण.

सप्टेंबरमध्ये त्यांचाच फोन आला. म्हणाले, तुमच्या टाकीखाली ओलं आहे.

टाकी प्लास्टिकची, सतरा वर्षांची. तळाच्या कोपऱ्यात, बुचाच्या वर, केसाएवढी चीर गेली होती. मी कुलपाची पट्टी बसवताना नट जास्त आवळला, त्यामुळे. दुसऱ्या कुणाची चूक नाही. एक थेंब धरायचा, लोंबायचा, पडायचा. मी चार वर्कशॉपना फोन केले. सगळ्यांचं एकच म्हणणं – वेल्डिंग करता येईल, अगदी सोपं काम आहे, फक्त टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी. मी विचारलं, पाणी ठेवून नाही का होणार? एकजण हसला. बाहेरून तीन प्रकारचे लेप लावून झाले. ओल्या, कोमट प्लास्टिकला काही धरत नाही. दोन-चार दिवसांत सुटतं. पाणी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावं असंही वाटतं, पण बादलीतलं पाणी कसं गार होतं ते मी बघितलंय. आणि अर्ध्या बादलीने आईचं काय झालं तेही.

आता खाली एक स्टीलचं पातेलं ठेवलंय. मी रोज ऑफिस सुटल्यावर आधी ओडेनवाल्डला जातो, पातेल्यात साठलेलं पाणी वरच्या झाकणातून परत टाकीत ओततो. मी नसतो तेव्हा हेर वायगांड ओततात, कारण न विचारता. पण थोडं उडून जातंच, थोडं मातीत जातं. वरून नवीन पाणी घालतो. त्यात मूळचं किती उरलंय ते मला माहीत नाही.

गेल्या रविवारी इराने हट्ट धरला, मलाही यायचंय. रेवती नको म्हणत होती, तरी मी नेलं. इरा आता आठ वर्षांची आहे. ती गाडीखाली माझ्या शेजारी सरपटत आली, मी काही बोलायच्या आत तिने तळवा टाकीला लावला आणि तसाच ठेवला. मी विचारलं, गरम लागतंय ना? तिने नाही म्हटलं. मग गार? तेही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "पापा, दा इस्ट गार निख्ट्स." इथे काहीच नाहीये, पापा. मी तिच्या हाताशेजारी हात ठेवला, मला चांगलं कोमट लागत होतं. तिला तिचा स्वतःचा हात जितका लागेल तितकंच ते लागत होतं, असं मला वाटतं. मी तिला बाहेर काढलं आणि तिचे गुडघे झटकले.

यावर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. शोधायचं मी सोडलेलंही नाही, पण आता मला स्पष्टीकरणापेक्षा पाणी न काढता चीर बुजवायचा उपाय जास्त हवा आहे. इथे प्लास्टिकच्या कामातलं कुणी असेल, तर कृपा करून लिहा. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग लिहा. मी तुमच्या अनुभवांवर जे जे लिहिलं त्याबद्दल माफी मागतो.

सप्टेंबरमध्ये आकडा ३६.९ होता, टाकीचा आणि इराचाही. ऑक्टोबरमध्ये ३६.७. आज सकाळी ३६.४. डॉक्टर म्हणाले, मुलांचं इतकं वर-खाली होतं, काही नाही. इरा खेळते, खाते, शाळेत जाते. हे लिहीत असताना ती पलीकडच्या खोलीत होमवर्क करत होती. आत्ता उठून माझ्याकडे आली आणि विचारतेय, घरातली हीटिंग जरा वाढवता येईल का.